गोठा रिकामा झाल्यावर

मी सातवीत होतो तेव्हा आमच्या आजीची तांबडी भाजी मालवणच्या बाजारात दुपारपर्यंत टिकायची नाही. भात कापून झालं की घरामागच्या परड्यात ती वाफे करायची. लाल माठ, मुळा, थोडी मेथी, कडेला वाली. पहाटे जुड्या बांधायच्या, टोपलीत वर ओलं फडकं घालायचं आणि पहिली एसटी पकडायची. येताना माझ्यासाठी खाजं आणि स्वतःसाठी तंबाखू. ते पैसे तिचे असायचे. आजोबा त्यांचा हिशोब विचारत नसत आणि विचारला असता तर तिनं दिलाही नसता.

२०१४ साली मी इंजिनीअरिंगला गेलो आणि त्याच वर्षी आमची शेवटची दोन गुरं विकली. आजोबांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, बाबा मुंबईला, चरायला न्यायला माणूस नाही. त्यानंतर दोनेक वर्षांत परड्यातले वाफे पाचाचे तीन झाले, तिनाचा एक झाला, आणि मग तिथं नुसता टाकळा वाढायला लागला. आजी म्हातारी झाली म्हणून भाजी बंद पडली, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्यातली खोली सोडून कालावल खाडीजवळच्या आमच्या गावी लॅपटॉप घेऊन आलो. नोव्हेंबरात भात झोडून झालं. खळ्यात पेंढ्याची उडवी उभी राहिली आणि तशीच राहिली. खाणार कोण? शेजाऱ्यांनी त्यांचा पेंढा जाळून टाकला. मी आजीला सहज विचारलं, ‘भाजी का नाही करत आता?’ ती म्हणाली, ‘शेण नसताना भाजी खयसून येतली? गुरां गेली तशी भाजी गेली.’

म्हणजे कारण वय नव्हतं. आम्ही गुरं विकताना दुधाचा विचार केला होता, नांगराचा केला होता. पेंढा गाईच्या पोटातून जाऊन शेण होतो, शेण उकिरड्यात कुजून खत होतं आणि त्या खतावर आजीची मिळकत उभी आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला डिपेंडन्सी म्हणतो. एखादा जुना, कुणी न बघणारा भाग काढून टाकावा आणि दुसऱ्याच कोपऱ्यातलं काहीतरी बंद पडावं, तसं झालं होतं.

तेव्हापासून मी कोकणातल्या खताचा इतिहास वाचायला लागलो. सुरुवातीला वाटलं होतं, पूर्वी भरपूर शेण होतं आणि आता नाही, एवढीच गोष्ट असेल. पण शेण पूर्वीही पुरत नव्हतंच.

आपली जमीन जांभ्याची. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मातीतलं बरंचसं सत्त्व धुऊन नेतो. माती आम्लधर्मी होते. दर वर्षी बाहेरून काहीतरी घातल्याशिवाय इथं भागत नाही. किनाऱ्यावर माडांच्या बुंध्याशी मासळीची घाण घालायची पद्धत त्यातूनच आली. भाताच्या रोपांसाठी मात्र कोकणानं वेगळा मार्ग काढला होता, तो म्हणजे राब. आमच्याकडे त्याला भाजावळ म्हणतात. झाडांच्या फांद्या तोडून कवळ आणायची, ती जमिनीवर पसरायची, वर पालापाचोळा, गवत, असेल तेवढं शेण आणि सगळ्यावर माती पसरून उन्हाळ्याच्या शेवटी पेटवून द्यायचं. पाऊस पडला की त्या भाजलेल्या जागेत भात पेरून तरवा करायचा आणि तो पुढे लावणीला न्यायचा. अख्ख्या शेताला पुरेल इतकं खत नाही, तर निदान रोपांची एवढीशी जागा तरी तयार करावी, असा तो हिशोब.

इंग्रज वनखात्याला ही निव्वळ नासाडी वाटली. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलातली तोड आवळली गेली आणि विशेषतः ठाणे जिल्ह्यात राबावरून मोठा असंतोष झाला. सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्यानंतर चारेक वर्षांनी जॉन ऑगस्टस व्होलकर नावाचे शेतीरसायनतज्ज्ञ लंडनहून हिंदुस्थानची शेती ‘सुधारायला’ आले. देशभर हिंडून १८९३ मध्ये त्यांनी अहवाल छापला. त्यात इथला शेतकरी अडाणी नाही, काही बाबतींत तर तो इंग्लंडमधल्या सरासरी शेतकऱ्यापेक्षा सरस आहे, असं त्यांनी लिहिलं. शेण जाळलं जातं ते सरपण नाही म्हणून, हेही त्यांनी ठासून मांडलं. राबाचीही त्यांनी दखल घेतली.

पण राब नेमकं काय करतो? १९१२ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या दोघांबरोबर त्यावर एक शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेत नाही, माती तापण्यालाही महत्त्व आहे, असं त्यांना दिसलं. तापल्यामुळे मातीतली सूक्ष्मजीवांची वस्ती बदलते, तणांचं बी मरतं आणि कोवळ्या रोपाला मोकळं मैदान मिळतं. ज्याला नासाडी म्हटलं गेलं होतं, ते मातीचं एक प्रकारचं निर्जंतुकीकरण होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

पुढचा टप्पा इंदूरचा. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत होळकरांच्या इंदुरात वनस्पती उद्योग संस्था चालवत होते. तिथं त्यांनी कपाशीच्या पळाट्या, तण, पाला असा शेतातला सगळा काडीकचरा कुजवायची पद्धत बसवली. १९३१ मध्ये त्यावर पुस्तक आलं. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्डांच्या जोडीला दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. जगभरातले सेंद्रिय शेतीवाले हॉवर्डांची नावानिशी आठवण काढतात, वाडांची फारशी कुणी काढत नाही. या इंदूर पद्धतीत शेण लागतं, पण विरजणासारखं थोडं. ढीग रचल्यावर पहिल्या दिवसांत त्यात बुरशी जोमानं पसरली पाहिजे, कारण कडक काडी फोडायचं काम ती करते. जिवाणूंचं राज्य त्यानंतर सुरू होतं.

त्यानंतर आले यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका. विटांचं, भोकं ठेवलेलं, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असं टाकं. त्यात काडीकचरा आणि माती यांचे थर आणि शेण फक्त कालवून शिंपडण्यापुरतं. कमीत कमी शेणात जास्तीत जास्त खत, हा त्यांचा ध्यास होता. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ती टाकी अजून दिसतात. काहींत खत असतं, काहींत कोंबड्या.

राब, इंदूर, नाडेप हे सगळं एका रांगेत ठेवल्यावर मला जाणवलं, की शंभरेक वर्षं माणसं एकाच प्रश्नाशी झटत होती. शेण कमी आहे, मग काडी कशी कुजवायची? आमच्या पिढीनं प्रश्नाचं पुढचं टोक गाठलंय. शेण कमी नाही, शेण नाहीच. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कोकणातल्या वरकस जमिनींवर आंबा-काजू आला. त्यानं अनेक घरांत पैसा आला, आमच्याही आला. पण गुरं चरायची ती हीच माळरानं होती. नांगराच्या जागी पॉवर टिलर आला, माणसं मुंबई-पुण्याला गेली आणि गोठ्याची स्कूटर ठेवायची जागा झाली. पेंढा मात्र दर वर्षी नेमानं तयार होतोच आहे.

तर मी त्या उडवीकडे बघत बसलेलो असताना धिंगरी अळंबीचा व्हिडिओ समोर आला. लॉकडाऊनमध्ये कुणाच्या समोर आला नाही?

धिंगरीची लागवड पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या सुमारास, जर्मनीत फाल्क यांनी लाकडाच्या बुंध्यांवर करून दाखवली होती. आपल्या कामाची गोष्ट घडली ती म्हैसूरला. तिथल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये धिंगरी भाताच्या पेंढ्यावर वाढवायची रीत बसवली. बटन अळंबीला थंड हवा आणि खास तयार केलेलं कंपोस्ट लागतं. धिंगरीला नुसता पेंढा पुरतो आणि हिवाळ्यातली आमची हवाही चालते.

पेंढ्याचे तुकडे करायचे, रात्रभर भिजवायचे, गरम पाण्यातून काढायचे, निथळायचे आणि प्लास्टिकच्या पिशवीत पेंढा आणि स्पॉन असे थर भरायचे. गरम पाणी कशासाठी, तर पेंढ्यातल्या बाकीच्या बुरश्या आणि किडे मरावेत आणि आपल्या बुरशीला मोकळं मैदान मिळावं. म्हणजे राबच की! पहिल्या दिवशी आजी चुलीवरच्या त्या हंड्याकडे बघून म्हणाली, ‘तरवो करतंस काय गवताचो?’ मान, जोशी आणि कानिटकरांचा निबंध तिनं एका वाक्यात सांगून टाकला.

अळंबी आली. किलोभर कोरड्या पेंढ्यामागे अर्धा किलोच्या आसपास निघाली. धंदा म्हणून ते प्रकरण फारसं चाललं नाही. ताजी अळंबी दोन दिवसांत मान टाकते, मालवणात हॉटेलं बंद होती आणि घरचे तिसऱ्या दिवशीच कंटाळले. फेब्रुवारीत माझ्याकडे उरल्या त्या साठ पिशव्या, आत मऊ, पिवळट, पांढऱ्या जाळीनं बांधलेला पेंढा. इंग्रजीत याला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘खर्ची पडलेला’ असा होतो. मी वाचलं होतं की हा भाजीपाल्याला उत्तम. आजीला न विचारता मी एक वाफा खणला, तो पेंढा तसाच मातीत मिसळला आणि माठ पेरला.

रोपं उगवली आणि दहाव्या दिवशी पिवळी पडली. बोटभर उंचीवर थांबली ती थांबलीच. आजीनं परड्याच्या कडेला उभं राहून एवढंच म्हटलं, ‘ह्या तुझा कुसलेला गवत माझ्या भाजीक नको.’ मला वाईट वाटलं ते वाफ्यासाठी नाही. कित्येक वर्षांनी ती रोज सकाळी परड्यात येऊन बघायला लागली होती, ते थांबलं.

चूक साधी होती. भाताच्या पेंढ्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन फार थोडा. बुरशीनं बराच कार्बन खाल्लेला असला, तरी उरलेला पेंढा पूर्ण कुजलेला नव्हता. तो मातीत गेल्यावर तिथल्या जिवाणूंनी कुजवायचं काम सुरू केलं आणि त्यासाठी लागणारा नायट्रोजन रोपांच्या तोंडचा काढून घेतला. बुरशी गाईची जागा घेते हे बरोबर होतं. पण गाईनंतर उकिरडा असतो, तो मी गाळला होता. ताजं शेण तरी आजीनं कधी वाफ्यात घातलं होतं?

मग मी पिशव्या फोडून सगळा पेंढा माडाच्या सावलीत ढिगानं रचला. बांधावरच्या गिरीपुष्पाचा कोवळा पाला थरांमध्ये घातला, कारण त्यात नायट्रोजन चांगला असतो. मासे धुतलेलं पाणी आई त्यावर ओतायची. पंधरा दिवसांनी एकदा ढीग वरखाली. पावसाळ्यात वरून झावळ्या आणि ताडपत्री, नाहीतर सगळा कस ओहोळातून खाडीत गेला असता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ढीग उघडला तेव्हा तो गुडघ्याएवढा उरला होता, काळा, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीचा वास येणारा. आजीनं मूठभर घेतला, दाबला, वास घेतला आणि काही न बोलता टोपलीत भरायला लागली. त्या वर्षी तिनं दोन वाफे केले.

इथं एक मजेदार जुनी गोष्ट सांगायला हवी. युरोपात अळंबीची शेती सुरू झाली तीच भाजीच्या टाकाऊ खतातून. सतराव्या शतकात पॅरिसभोवतीचे माळी घोड्याच्या लिदीच्या ऊबदार वाफ्यांवर खरबुजं काढायचे. पीक संपलं की त्या खतावर अळंब्या उगवताना त्यांना दिसल्या. मग त्यांनी त्या मुद्दाम वाढवायला सुरुवात केली. १७०७ मध्ये तूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञानं ती रीत लिहून ठेवली. खरबुजवाल्याच्या लेखी खर्ची पडलेलं खत अळंबीसाठी भरलेलं ताट होतं. आज अळंबीवाल्याच्या लेखी खर्ची पडलेलं खत आम्ही माठाला घालतो. चक्र उलट्या बाजूनं पूर्ण होतं.

बटन अळंबीवाल्यांकडे तर या खताचे डोंगर असतात. किलोभर अळंबीमागे साधारण पाच किलो वापरलेलं कंपोस्ट उरतं. २०२२ च्या मे महिन्यात घाटावरून आंबे पोचवून परतणाऱ्या टेम्पोतून मी अशी वीस पोती आणली. त्यात गव्हाचा भुसा, कोंबडीखत आणि जिप्सम असतं. आम्लधर्मी जांभ्याला ते मानवतं, पण त्यात क्षार जास्त असतात आणि माठाचं कोवळं रोप क्षारानं करपतं. आधीच्या अनुभवानं शहाणा होऊन या वेळी मी आजीला आधी विचारलं. खत खारट आहे, काय करू?

ती म्हणाली, ‘खाजणात काय करतंत? पयल्या पावसात धू ता.’

खाडीकाठची खार जमीन आमच्याकडे पिढ्यानपिढ्या अशीच लागवडीला येते. उन्हाळ्यात वर आलेलं मीठ पहिल्या पावसाच्या पाण्यात विरघळू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून ते पाणी खाडीत सोडायचं, असं दोन-चारदा करायचं आणि मगच पेरायचं. मी धिंगरीचा ढीग झाकून ठेवला होता, या पोत्यांतलं खत मात्र उताराला उघडं पसरलं. विहिरीपासून लांब, कारण धुतलेलं मीठ विहिरीत उतरायला नको. जून-जुलैच्या पावसानं काम केलं. अळंबी उत्पादकांसाठीच्या पुस्तिकांतही हेच सांगितलेलं असतं, की हे खत काही महिने उघड्यावर मुरू द्या. मला ते खाजणाच्या भाषेत कळलं.

आजीला बुरशीवर विश्वास बसला तो मात्र याच्या कशामुळे नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वारुळांवर रानअळंबी उगवते, तिची सगळं गाव वाट बघतं. मी तिला सांगितलं, की वारुळातली वाळवी काडी खाते खरी, पण ती तिला नीट पचत नाही. म्हणून ती चघळलेल्या काडीचे वाफे करते, त्यावर बुरशी वाढवते आणि बुरशीनं मऊ केलेलं ते खाते. तीच बुरशी जोर धरून वर डोकं काढते, ती आपली अळंबी. आजी बराच वेळ गप्प होती. आमच्या भागातली सातेरी देवी कित्येक गावांत वारुळाच्या रूपातच पुजली जाते. वारुळाची माती चांगली, हे आजीला कुणी शिकवायला नको होतं. पूर्वी पडीक वारुळाची माती ती स्वतःच वाफ्यांत घालायची. म्हणाली, ‘म्हणजे गुरांचा काम बुरशीन केल्यान.’

मी इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण बुरशी म्हणजे गाय नव्हे. ती दूध देत नाही, तिला हाक मारता येत नाही. साठ पिशव्यांचं प्लास्टिक आमच्याकडे अजून पडवीत पडलंय, गरम पाण्याला सरपण लागतं, बंद खोलीत धिंगरीचे बीजाणू उडून आईला खोकला झाला आणि नोकरीचे कॉल सांभाळत ढीग वरखाली करणं सोपं नाही. एका घराच्या परड्यापुरतं हे जमतं. गावभर जमायचं तर पेंढा कुणाचा, कष्ट कुणाचे आणि खत कुणाचं, हे ठरवावं लागेल. राबाच्या वेळचं भांडणही शेवटी त्याचंच होतं. फांदी कुणाची, यावर ते झालं. फांदी काय कामाची, हे कवळ आणणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं.

मागच्या डिसेंबरात आजी पुन्हा बाजारात बसली. एसटीनं नाही, मी स्कूटरवरून सोडलं. चाळीस जुड्या होत्या. एका बाईंनी जुडी उचलून विचारलं, ‘शेणखतावरची ना गो आजी?’ मी मागे उभा होतो. हो म्हणून टाकलं असतं तर संपलं असतं.

‘शेणखत खयचा, गुरां खंय हत आता?’ आजी म्हणाली. ‘अळमीच्या गवतावरची आसा.’

बाईंनी जुडी उलटसुलट करून बघितली, पान मोडून बघितलं. मग म्हणाल्या, ‘दोन दी.’

येताना तिनं माझ्यासाठी खाजं घेतलं. किती पैसे झाले, ते मी विचारलं नाही.